थंडीत सेंटरिंग कधी खोलायचं? काँक्रीटच्या तापमानावरून सुरुवातीच्या ताकदीचा अंदाज

सेंटरिंग खोलण्याचे दिवस साइटवर सगळ्यांना पाठ असतात. कॉलमचं शटर दुसऱ्या दिवशी. स्लॅबच्या खालचा प्लाय तीन दिवसांनी, पण जॅक (खालचे उभे टेकू) लगेच परत लावायचे. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे जॅक सात दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे (दोन आधारांमधल्या अंतराचे) चौदा दिवसांनी. बीमचे जॅक सहा मीटरपर्यंत चौदा, पुढे एकवीस. हे आकडे आयएस ४५६:२००० या भारतीय मानकातले आहेत आणि बरोबर आहेत. त्या तक्त्याच्या आधी लिहिलेली अट मात्र फार कमी जण वाचतात: सिमेंट ओपीसी (साधं पोर्टलंड सिमेंट) हवं, हवेचं तापमान १५ अंशांखाली जायला नको आणि क्युअरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) नीट झालेलं हवं. सिमेंट वेगळं असेल किंवा थंडी जास्त असेल तर दिवस बदलून घ्या, असंही तिथेच म्हटलं आहे. किती बदलायचे, ते मात्र सांगितलेलं नाही.

आता आपल्याकडची परिस्थिती पाहा. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुणे, नागपूर, गोंदिया इथे रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास किंवा खाली येतो. निफाडच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा तर दर हिवाळ्यात पेपरात छापून येतो. थंड हवामानातल्या काँक्रीटसाठी वेगळं मानक आहे, आयएस ७८६१ चा दुसरा भाग, पण ते ५ अंशांखालच्या हवेसाठी आहे. म्हणजे ५ ते १५ अंशांच्या मधली आपली थंडी एका मानकाच्या अटीत बसत नाही आणि दुसऱ्याच्या व्याख्येत येत नाही. त्यात आपल्या घरबांधणीत बहुतेक ठिकाणी पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं पोर्टलंड सिमेंट) वापरतात, जे सुरुवातीला ओपीसीपेक्षा सावकाश ताकद धरतं. अटीतल्या दोन गोष्टी एकदम मोडतात आणि साइटवर दिवस मात्र तेच मोजले जातात.

क्यूबचा, म्हणजे ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा, रिपोर्ट इथे मदतीला येत नाही. क्यूब पाण्याच्या टाकीत २७ अंशांना ठेवलेले असतात आणि स्लॅब उघड्यावर, वाऱ्यात असतो. सात दिवसांचा क्यूब पास झाला याचा अर्थ मिक्स चांगलं आहे एवढाच. त्या क्षणी स्लॅबमध्ये किती ताकद आहे, हे तो क्यूब सांगत नाही.

ते सांगणारी एक जुनी, साधी आणि स्वस्त पद्धत आहे: मॅच्युरिटी पद्धत. आपल्या साइटवर, थंडीत, ती कशी वापरायची ते इथे पायरीपायरीने लिहितो.

मुळातली गोष्ट

सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया ऊब मिळाली की वेग घेते, गारठ्यात मंदावते. १९५१ साली सॉल या संशोधकांनी त्यावरून एक नियम मांडला: एकाच मिक्सच्या काँक्रीटची मॅच्युरिटी सारखी असेल तर ताकदही साधारण सारखीच असते, ती मॅच्युरिटी कमी वेळात जास्त उबेने मिळाली की जास्त वेळात कमी उबेने, याने फारसा फरक पडत नाही. मॅच्युरिटी म्हणजे काँक्रीटचं तापमान आणि वेळ यांच्या गुणाकाराची बेरीज. ज्या तापमानाला ताकद वाढणं थांबतं असं मानतो, ते आधार-तापमान त्यातून वजा करायचं. एकक आहे अंश-तास.

ही पद्धत पुढे का रुजली, तेही सांगायला हवं. मार्च १९७३ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत बांधकाम चालू असलेल्या बहुमजली इमारतीचा भाग कोसळला आणि १४ कामगार गेले. चार दिवसांच्या स्लॅबखालचा आधार लवकर काढला होता. त्या चार दिवसांत तिथली हवा सरासरी अवघी ७ अंश होती. एप्रिल १९७८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंडला कूलिंग टॉवरचं काम चालू असताना ५१ कामगार गेले. तिथलं काँक्रीट एका दिवसाचं होतं आणि रात्र १० अंशांखालची. दोन्ही अपघातांचा तपास तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने केला, आणि त्यातून या पद्धतीवर पुन्हा जोमाने काम झालं. १९८७ मध्ये त्याचं अमेरिकन मानक निघालं, एएसटीएम सी १०७४. हवेचे हे आकडे आपल्या जानेवारीतल्या पहाटेपासून फार लांब नाहीत.

पायरी १: स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आकडा लेखी घ्या

सेन्सर विकत घेण्याआधी हे करा. कुठल्या टप्प्याला किती ताकद हवी, हे साइट इंजिनिअरने किंवा कॉन्ट्रॅक्टरने ठरवायचं नसतं. आयएस ४५६ चं मूळ तत्त्व असं आहे की, फॉर्म (साचा) काढताना काँक्रीटवर जो ताण येणार असेल त्याच्या किमान दुप्पट ताकद त्यात आलेली हवी. वरच्या मजल्याचे जॅक याच स्लॅबवर उभे राहणार असतील, तर येणारा ताण बराच वाढतो. म्हणून विचारताना प्रश्न नेमका हवा (एमपीए हे ताकदीचं एकक): "प्लाय काढायला किती एमपीए? जॅक काढायला किती? वरचा स्लॅब भरताना खालचे किती मजले जॅकवर ठेवायचे?" पुढच्या उदाहरणासाठी असं धरू की एम-२५ (२८ दिवसांना २५ एमपीएचं काँक्रीट) च्या स्लॅबसाठी १७.५ एमपीए सांगितले आहेत.

पायरी २: आपल्याच मिक्सची मॅच्युरिटी-ताकद रेषा काढा

या पद्धतीचा सगळा विश्वास या पायरीवर टिकून आहे. पुस्तकांत १९५६ सालचे, प्लोमन या संशोधकांनी काढलेले, या रेषेचे तयार स्थिरांक सापडतात. ते त्या काळच्या सिमेंटवरून काढलेले आहेत. समजून घेण्यासाठी ठीक, आजच्या पीपीसीच्या स्लॅबखालचे जॅक त्यांच्या भरवशावर काढू नका.

साइटवर येणार आहे तेच सिमेंट, तीच वाळू किंवा क्रश सँड, तीच खडी, तेच ॲडमिक्स्चर (काँक्रीटमध्ये घालायचं रसायन) आणि त्याचा तोच डोस घेऊन एकाच घाण्यातून (एका वेळच्या मिश्रणातून) १५० मिमीचे २० क्यूब भरा. आरएमसी (प्लांटमधून तयार येणारं काँक्रीट) घेत असाल तर प्लांटच्या लॅबमध्ये हे होतं, नाहीतर जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या किंवा पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत. २० पैकी दोन क्यूबच्या मध्यभागी तापमानाचे सेन्सर घाला. हे दोन फोडायचे नाहीत. उरलेले १८ क्यूब १, २, ३, ७, १४ आणि २८ दिवसांनी तीन-तीन करून फोडा. दर वेळी तिघांची सरासरी ताकद आणि त्या क्षणापर्यंतची मॅच्युरिटी लिहून ठेवा. पहिल्या दोन दिवसांत वेळ काटेकोर पाळा; त्या वयात तीन-चार तासांचा उशीरही आकडा हलवतो.

उदाहरणादाखल, आधार-तापमान शून्य धरून, २७ अंशांच्या टाकीतले आकडे असे आले समजा:

१ दिवस: ६४८ अंश-तास, ६ एमपीए
२ दिवस: १२९६ अंश-तास, ११.३ एमपीए
३ दिवस: १९४४ अंश-तास, १४.५ एमपीए
७ दिवस: ४५३६ अंश-तास, २१ एमपीए
१४ दिवस: ९०७२ अंश-तास, २६.३ एमपीए
२८ दिवस: १८,१४४ अंश-तास, ३१.७ एमपीए

एक्सेलमध्ये आडव्या अक्षावर मॅच्युरिटी आणि उभ्या अक्षावर ताकद घ्या, आडवा अक्ष लॉग करा आणि त्यातून ट्रेंडलाइन काढा. या उदाहरणात ती अशी येते:

ताकद = १७.७५ × लॉग(मॅच्युरिटी) − ४३.९

लॉग १० च्या पायाचा. तुमच्या मिक्सचे आकडे वेगळे येतील, यायलाच हवेत. शिवाय प्रत्यक्षात बिंदू इतके सरळ रेषेत बसत नाहीत; उशिराच्या वयाला रेषा वाकते. आपल्याला पहिल्या आठवडा-दहा दिवसांशी काम आहे, तेव्हा तिथले बिंदू नीट बसतात की नाही ते बघा.

पायरी ३: आधार-तापमान शून्य की उणे दहा?

जुन्या प्रथेप्रमाणे उणे १० अंश घेतात आणि बरीच तयार उपकरणंही तोच आकडा धरून येतात. आपल्या थंडीसाठी मी शून्य घ्या म्हणेन, आणि त्यामागचं कारण आकड्यांतच दिसतं. काँक्रीटचा १० अंशांवरचा एक तास म्हणजे २७ अंशांवरची किती मिनिटं? आधार शून्य धरला तर २२ मिनिटं. उणे १० धरला तर ३२ मिनिटं. रासायनिक क्रियेच्या वेगाचं अऱ्हेनियस समीकरण, ४० किलोज्यूल प्रति मोल ही ओपीसीसाठी प्रचलित सक्रियण-ऊर्जा (क्रिया सुरू व्हायला लागणारी ऊर्जा) घेऊन, सांगतं २३ मिनिटं. म्हणजे गारठ्यात उणे १० चा हिशोब काँक्रीटला न मिळालेली ऊब त्याच्या खात्यात जमा करतो, आणि अंदाज धोक्याच्या बाजूला जातो.

मे महिन्यातल्या चंद्रपुरात चित्र उलटं होतं. ४२ अंशांवरच्या एका तासाला शून्य आधार ९३ मिनिटं देतो, उणे १० देतो ८४ आणि अऱ्हेनियस जवळपास १२९. तिथे दोन्ही सरळ हिशोब सुरुवातीचा वेग कमीच दाखवतात. पण उन्हाळ्यातला खरा प्रश्न दुसराच आहे. सुरुवातीला तापलेलं काँक्रीट लवकर ताकद धरतं आणि पुढे २८ दिवसांना मागे पडतं. म्हणून उन्हाळ्यात मॅच्युरिटीवरून लवकरच्या ताकदीचा अंदाज घ्या, २८ दिवसांचा घेऊ नका.

स्लॅग सिमेंट किंवा जास्त जीजीबीएस (दळलेली स्लॅग) असलेल्या मिक्सवर थंडीचा परिणाम ओपीसीपेक्षा जास्त होतो. अशा मिक्ससाठी शून्य आधारही उदार ठरू शकतो. तिथे क्यूबचा एक जादा संच १५ अंशांच्या आसपास ठेवून रेषा पडताळून घ्या.

पायरी ४: स्लॅबमध्ये सेन्सर लावा

साध्या कामाला थर्मोकपल (तापमान मोजणारी वायर) आणि डेटा लॉगर (त्याची नोंद ठेवणारं यंत्र) पुरतो. मोबाईलवर आकडे देणारे वायरलेस सेन्सरही मिळतात. पहिले ४८ तास दर अर्ध्या तासाला आणि पुढे दर तासाला नोंद व्हावी. लॉगर परवडत नसेल तर खालून बंद केलेली छोटी प्लॅस्टिकची नळी स्लॅबमध्ये उभी सोडा, तिच्यात थोडं पाणी भरा आणि थर्मामीटर बुडवून माणसाकडून आकडे घ्या. हे मेहनतीचं काम आहे आणि पहाटेचं, सूर्योदयाआधीचं रीडिंग चुकवून चालत नाही. सगळ्यात कमी आकडा तेव्हाच्या सुमारास मिळतो.

जागा निवडताना स्लॅबचा मधला भाग टाळा, तो सगळ्यात उबदार असतो. स्लॅबची कड, बाल्कनीचा कँटिलिव्हर (एकाच बाजूने आधार असलेला भाग), वाऱ्याच्या बाजूचा कोपरा आणि सगळ्यात शेवटी भरलेला भाग इथे सेन्सर हवेत. संध्याकाळी शेवटच्या गाडीचं काँक्रीट पडतं, त्यावर लगेच रात्र येते; सकाळच्या काँक्रीटला दिवसभराचं ऊन तरी मिळालेलं असतं. सेन्सरची वायर सळईला बांधा, पण टोक सळईला टेकू देऊ नका. सव्वाशे मिमीच्या स्लॅबमध्ये टोक जाडीच्या मध्यावर ठेवा. वायरची उघडी बाजू पाइपमधून बाहेर काढा, नाहीतर व्हायब्रेटरच्या सुईने किंवा कुणाच्या पायाने ती तुटतेच. एका स्लॅबमध्ये किमान दोन-तीन ठिकाणी सेन्सर ठेवा, आणि निर्णय सगळ्यात मागे असलेल्या सेन्सरवरूनच घ्या.

पायरी ५: हिशोब

नाशिकजवळची एक साइट धरू, महिना जानेवारी. स्लॅब दुपारी चारला भरून झाला. हाताने करता यावं म्हणून इथे चार-चार तासांची सरासरी घेतो: चार ते आठ २४ अंश, आठ ते बारा २१, मध्यरात्री ते चार १७, चार ते आठ १४, आठ ते बारा १८, बारा ते चार २५. बेरीज ११९, गुणिले ४ तास, म्हणजे पहिल्या दिवसाचे ४७६ अंश-तास. पहिल्या रात्री काँक्रीटची स्वतःची उष्णता थोडी असते, पुढे ती ओसरते. दुसऱ्या दिवशी ४३०, तिसऱ्या दिवशी ४१५ मिळाले समजा. तीन दिवसांची बेरीज १३२१.

रेषेत घाला: लॉग १३२१ म्हणजे ३.१२१, गुणिले १७.७५ म्हणजे ५५.४, वजा ४३.९. उत्तर ११.५ एमपीए. त्याच दिवशी टाकीतला क्यूब १४.५ दाखवतो. स्लॅब तीन दिवसांचा असला तरी त्याची ताकद टाकीतल्या दोन दिवसांच्या क्यूबएवढी आहे.

आता १७.५ एमपीए कधी मिळतील? रेषा सरासरी सांगते आणि अंदाजात चूक असतेच, म्हणून मी वर दहा टक्के ठेवून १९.२५ धरतो. रेषा उलटी सोडवली की त्यासाठी सुमारे ३६१० अंश-तास लागतात. टाकीत ते साडेपाच दिवसांत पुरे होतात. आपल्या स्लॅबमध्ये १३२१ नंतर दिवसाला साधारण ४२० मिळत राहिले, तर आणखी साडेपाच दिवस, म्हणजे एकूण साडेआठ. सातव्या दिवशी बेरीज ३००० च्या आसपास असेल आणि ताकद १७.८. कागदावर जेमतेम पास, पण कडेच्या एखाद्या गार कोपऱ्याला तेवढीही असेलच असं नाही.

मुकादमाला अंश-तास समजावत बसू नका. स्लॅबच्या जिन्यापाशी फळ्यावर दोनच आकडे लिहा, "लागणार ३६१०, आजपर्यंत अमुक", आणि रोज सकाळी बदला. आकडा गाठल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही, एवढं सगळ्यांना कळतं.

पायरी ६: रेषा अजून खरी आहे का, ते तपासत राहा

स्लॅब भरताना त्याच गाडीतून सहा क्यूब जादा भरा. सेन्सर घातलेला एक क्यूब सोबत ठेवा. तीन क्यूब साधारण तीन दिवसांनी फोडा आणि त्यांच्या मॅच्युरिटीला रेषा काय सांगते ते ताडून बघा. उरलेले तीन जॅक काढायच्या आधीसाठी राखून ठेवा. फरक सतत दहा टक्क्यांहून जास्त येत असेल तर मिक्स बदललेलं आहे; नवी रेषा काढा. सिमेंटचा ब्रँड बदलला, वाळू बदलली, ॲडमिक्स्चरचा डोस बदलला, तरी नवी रेषा.

सेन्सरला फक्त तापमान कळतं, ही गोष्ट मनात पक्की ठेवा. पंपाला काँक्रीट घट्ट लागतंय म्हणून कुणी गाडीत पाण्याचा पाइप सोडला, तर ताकद घसरते आणि सेन्सर तोच आकडा दाखवत राहतो. व्हायब्रेटर नीट फिरला नाही, काँक्रीट पोकळ राहिलं, तेही त्याला दिसत नाही. क्युअरिंगचं पाणी तुटलं तर क्रिया मंदावते, पण उन्हात तापलेल्या कोरड्या स्लॅबची मॅच्युरिटी कागदावर वाढतच राहते. म्हणून जॅक काढण्याआधी दुसरा एक पुरावा हवाच: राखून ठेवलेले क्यूब, किंवा किमान रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर ठोकून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण). हॅमरने संशयास्पद कोपरे सापडतात. एकट्या त्याच्या आकड्यावर निर्णय घेण्याइतका तो भरवशाचा नाही.

ऊब वाढवता येते

थंडीत दिवस वाढले की बिल्डरचा पहिला प्रश्न असतो, लवकर कसं होईल? याला प्रामाणिक उत्तरं आहेत. स्लॅब पहाटे लवकर सुरू करून दुपारपर्यंत संपवा, म्हणजे सेट होताना काँक्रीटला ऊन मिळतं. रात्री ओल्या गोणपाटावर प्लॅस्टिक आणि त्यावर थर्माकोलच्या शीट टाका. दिवसभराची ऊब अडते. यामुळे काँक्रीटचं सरासरी तापमान चार अंशांनी जरी वर राहिलं तरी दिवसाला ९६ अंश-तास जास्त मिळतात, आणि वरच्या उदाहरणातले साडेआठ दिवस सातवर येतात. कड आणि बाल्कनी आधी झाका, तिथूनच ऊब जाते.

पाणी पहाटे मारू नका. रात्रभर उघड्यावर गार झालेलं टाकीचं पाणी सकाळी सहाला स्लॅबवर ओतलं की जमवलेली ऊब निघून जाते. आळी करून पाणी भरून ठेवा आणि भर घालायची ती दुपारी घाला. क्युअरिंगचे दिवस मात्र थंडीच्या नावाखाली कमी होत नाहीत. पीपीसीला किमान दहा दिवस पाणी हवंच.

रिटार्डर (सेट होणं लांबवणारं रसायन) असलेलं ॲडमिक्स्चर उन्हाळ्यातल्या डोसवरच चालू राहिलं आहे का, ते आरएमसीवाल्याला विचारा. डिझाइनरच्या संमतीने थंडीपुरतं ओपीसीकडे वळता येतं, पण मग रेषा नव्याने काढावी लागते.

माइवान शटरिंगच्या (भिंती आणि स्लॅबसाठी ॲल्युमिनियमच्या पॅनलचा साचा) टॉवरवर ही पद्धत सगळ्यात जास्त उपयोगी पडते. तिथे भिंतीची पॅनल दुसऱ्या दिवशी निघतात, स्लॅबची दोन दिवसांच्या आत-बाहेर, आणि जॅक न हलवता जागेवर राहतात. सगळे निर्णय पहिल्या ४८ तासांत होतात, आणि नेमक्या त्याच काळात एका गार रात्रीने सर्वात मोठा फरक पडतो.

खोलण्याच्या दिवशी

रजिस्टरमध्ये हवेचं तापमान, सगळ्यात मागे असलेल्या सेन्सरची मॅच्युरिटी, रेषेवरून आलेली ताकद, क्यूबचा आकडा आणि परवानगी देणाऱ्याची सही, सगळं एका ओळीत असू द्या. कुठलाही आकडा रिकामा असेल तर त्या दिवशी खोलू नका. सही झाली की स्लॅबवर ठेवलेल्या विटा, सिमेंटच्या गोण्या आणि सळईचे बंडल आधी उतरवा. जॅक गाळ्याच्या मध्यापासून आधारांकडे सैल करत जा, बाल्कनीत मोकळ्या टोकापासून आतल्या बाजूकडे. एकदम पाडू नका. थोडे सैल करून थांबा आणि खालून वाक आणि तडे बघा. काही दिसलं तर जॅक तिथल्या तिथे परत आवळा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.